एजंटची वही कुणाच्या ताब्यात?

कोथरूडला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर वीसेक वर्षं इस्टेट एजंटचं काम केलेल्या माणसाच्या फोनमध्ये ‘जोशी टू बीएचके’, ‘जोशी मॅडम ओनर’, ‘जोशी नवीन नंबर’ आणि ‘जोशी शुक्रवार साइट’ असे चार जोशी सापडतात. त्यांतले दोन बहुधा एकच असतात. कुठला जोशी कोण, हे त्याला एकट्याला पाठ असतं. घरातली मुलगी किंवा हाताखालचा मुलगा कामाला लागला, की हे पाठांतर अपुरं पडतं. मग कुणीतरी सांगतं, सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्या.

घ्यावं, पण कुठलं हे ठरवायला घाई करू नये. कारण डेमो दाखवायला येणारी बरीचशी सॉफ्टवेअर बिल्डरच्या सेल्स ऑफिससाठी बेतलेली असतात. तिथे एक प्रकल्प, साधारण सारखे फ्लॅट आणि हजारो चौकशा असतात. चौकशी, साइट व्हिजिट, बुकिंग, ॲग्रीमेंट अशी सरळ रेघ असते आणि ॲग्रीमेंट झालं की ग्राहकाचं पान मिटतं. एजंटच्या धंद्यात प्रत्येक फ्लॅट वेगळा, प्रत्येक मालक वेगळा, आणि पान मिटतच नाही. आज भाड्याने राहायला आलेलं जोडपं तीन वर्षांनी विकत घ्यायला येतं. जागा विकणारा मालक त्याच आठवड्यात मोठी जागा शोधत असतो. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक अकरा महिन्यांचा होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत लागतो. म्हणजे नववा-दहावा महिना लागला की मालकाला एक आणि भाडेकरूला एक, असे दोन फोन ठरलेले. ही आठवण आपणहून न देणारं सॉफ्टवेअर एजंटच्या उपयोगाचं नाही, मग त्यात आलेख कितीही देखणे असोत.

म्हणून डेमोला बसताना कंपनीची तयार माहिती बाजूला ठेवायला सांगावी आणि आपल्या ओळखीची चार-पाच माणसं त्यात घालून बघावीत. एकच व्यक्ती मालकही आहे, खरेदीदारही आहे आणि तिच्या भावाला भाड्याने जागा हवी आहे, हे एका पानावर मावतं का? जोशी मराठीत लिहिले आणि इंग्रजीत शोधले तर सापडतात का? नवा फ्लॅट नोंदवल्यावर जुन्या चौकशांतून तो कुणाला चालेल हे निघतं का, आणि ते कार्पेट क्षेत्रावरून निघतं का? ‘आईचे गुडघे दुखतात, लिफ्ट हवीच’ हे वाक्य फोन वाजताच डोळ्यासमोर येतं का? माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. चार महिन्यांनी फोन केल्यावर एजंटला आईचे गुडघे आठवले, तर समोरचं माणूस त्याच्याशी वेगळ्या स्वरात बोलतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मालक फोनवर अटी सांगतात: अमुक धर्माचे नकोत, अमुक खाणारे नकोत, एकट्या मुली नकोत. सॉफ्टवेअरमध्ये हवा तो रकाना वाढवता येतो, त्यामुळे याही गोष्टींचे रकाने बनतात. बोलण्यातला पूर्वग्रह एकदा रकान्यात बसला, की ती कुटुंबं यादीतून आपोआप गळतात आणि आपण कुणाला वगळलं हे एजंटलाही दिसत नाही. हा रकाना बनवूच नये. मालकाशी त्या विषयावर बोलणं अवघड असतं, पण ते बोलणं माणसानेच करावं.

एकट्याने काम करणाऱ्याने लगेच पैसे खर्च करायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात ग्राहकांना लेबलं लावता येतात, आणि सोबत नीट रकाने पाडलेली एक गुगल शीट असली तर बरीच वर्षं निभावतं. फक्त ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवू नये. एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. दुसरं माणूस कामाला आलं किंवा घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवरून रोज चौकशा येऊ लागल्या की मात्र सॉफ्टवेअर हवं. पोर्टलवरची चौकशी बऱ्याचदा एकाच वेळी अनेक एजंटांकडे जाते. ती हाताने उतरवून घेईपर्यंत दुसऱ्याने साइट दाखवलेली असते.

पैसे भरण्याआधीची सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा वेगळीच आहे. चाचणीच्या दिवसांतच सगळी माहिती बाहेर काढून बघायची. नावं आणि नंबर सगळेच देतात. शेरे, तारखा, कुणाला कुठला फ्लॅट दाखवला याचा इतिहास एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये मिळतो का? मिळत नसेल तर तिथेच थांबावं. एजंटकडे ना माल असतो ना कारखाना. त्याची सगळी कमाई त्या वहीत असते आणि दरमहा माणशी भाडं भरून आपण ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवत असतो. खातं स्वतःच्या ईमेलवर असावं, नोकरी सोडून जाणाऱ्या मुलाच्या नव्हे. आणि अख्खी यादी कोण उतरवून घेऊ शकतं, याला कुलूप असावं.

कारण ती यादी पुरती एजंटचीही नाही. बहिणीसाठी एक फ्लॅट बघून आलो आणि पुढे कित्येक आठवडे मला गृहकर्जवाल्यांचे, इंटिरिअरवाल्यांचे फोन येत राहिले. मी नंबर दिला होता तो एका जागेसाठी. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हेच सांगतो: ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामाला माहिती वापरा, आणि संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं ठेवा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दुसरीकडे रेरा कायद्याचं कलम 10 एजंटला हिशेब आणि कागदपत्रं नीट ठेवायला सांगतं. तेव्हा झालेल्या व्यवहाराचे कागद एकीकडे जपून ठेवायचे आणि नुसत्या चौकशीचा नंबर, काम संपल्यावर किंवा समोरच्याने सांगितल्यावर, पुसायचा. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन कप्पे वेगळे करता आले पाहिजेत. ‘फोन करू नका’ अशी खूण एकाने केली की ती ऑफिसातल्या प्रत्येकाला दिसली पाहिजे.

निवड झाल्यावर फोनमधले सगळे नंबर एका रात्रीत आत ढकलू नयेत, चारही जोशी तसेच आत जातात. येत्या सहा महिन्यांत संपणारे भाडेकरार आधी घालावेत, मालक आणि भाडेकरू दोघांसकट, संपण्याच्या तारखेसह. मग ज्यांना जागा दाखवणं चालू आहे ते. बाकीच्यांचा फोन येईल तेव्हा त्यांच्याशी बोलता बोलता, त्यांना विचारून, त्यांचं पान उघडावं.