डिश बसवली, अर्थिंग कुणी करायचे?

एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूवर वळवाचा पाऊस गडगडाट करत येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहराला त्याचे कौतुकच जास्त, कारण दुपारचा उकाडा तासाभरात पळतो. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला घरोघरची माणसे धावतात. त्याच गच्चीवर सोलर हीटरची टाकी असते, सीसीटीव्हीचा खांब असतो, दोन-तीन कंपन्यांच्या डिश असतात आणि जुन्या घरांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा यागी ॲन्टेनाही असतो. यातले काय काय जमिनीला जोडलेले आहे, हे विचारले तर घरमालकापासून वॉचमनपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

यागीचे प्रकरण सोपे आहे. बंगळुरूत दूरदर्शन १९८१ मध्ये आले आणि त्यापाठोपाठ हे सांगाडे गच्च्यांवर चढले. पुढे केबल आली, डीटीएच आले. प्रसार भारतीने जमिनीवरून होणारे जुने ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ गुंडाळलेच. २०१६ मध्ये बंगळुरूसह सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले खरे, पण त्याचा लाभ घेणारे घर शोधावे लागेल. म्हणजे बहुतेक यागी आता उंच पाइपावरचे भंगार आहेत. त्यांना अर्थिंग देत बसण्यापेक्षा ते उतरवावेत. मात्र उतरवताना बाजूने बेस्कॉम या वीज कंपनीची तार जाते का, हे आधी पाहावे. ११ हजार व्होल्टच्या तारेपासून इमारत आडवे किमान १.२ मीटर दूर हवी असा नियम आहे. गल्लीबोळांत तो किती पाळला जातो हे बंगळुरूकरांना सांगायला नको. हातातला सहा मीटरचा पाइप त्या तारेला टेकला, तर कुठलेही अर्थिंग माणसाला वाचवत नाही.

वापरातल्या डिशचे काय? इथे दोन समजुती पक्क्या आहेत. एक, अर्थिंग केले की वीज ओढली जाते. दोन, अर्थिंग केले की वीज पडतच नाही. दोन्ही चुकीच्या. तार विजेला बोलावत नाही आणि परतवूनही लावत नाही. आलेल्या प्रवाहाला घराबाहेरून जमिनीत जायला वाट देते, एवढेच तिचे काम. ही वाट नसली तर काय होते, हे १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दिसले. गेओर्ग रिचमन या शास्त्रज्ञाने छतावर धातूचा दांडा उभारून तार खोलीतल्या उपकरणापर्यंत आणली होती. विजेचा भार मोजायचा असल्याने ती मुद्दामच जमिनीला जोडलेली नव्हती. वादळात तो उपकरणापाशी गेला आणि जागीच मरण पावला. छतावर धातू, तिथून थेट बैठकीच्या खोलीत उतरलेली केबल आणि मध्ये जमिनीशी जोड नाही. बंगळुरूतल्या कितीतरी घरांची मांडणी रिचमनचीच आहे.

धोका फुगवून सांगायचेही कारण नाही. २०२२ मध्ये वीज पडून देशात २,८८७ माणसे गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे, पण विजेचे बळी प्रामुख्याने शेतात आणि उघड्यावर जातात. टीव्हीसमोर बसलेले त्यांत अपवादानेच. शहरात जास्त वेळा घडते ते वेगळेच. वीज शेजारी कुठे तरी पडते, लांब केबलमध्ये दाब उसळतो आणि सेट-टॉप बॉक्स जळतो. शिवाय केबलचा पेच फिरवताना बोटाला लागणारी झिणझिण अनेकांच्या परिचयाची. दोन पिनांच्या उपकरणांतून झिरपणाऱ्या प्रवाहाला जमिनीची वाट मिळत नसल्याची ती खूण असते.

आता खरी गोम. काही दक्ष घरमालक डिशसाठी बागेत वेगळी सळई ठोकून घेतात. वायरमनही खूश, मालकही निर्धास्त. हे अर्धवट काम मात्र महागात पडू शकते. विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअर धरला आणि त्या सळईचा रोध १० ओहम असला, तर सळई क्षणभर तीन लाख व्होल्टवर जाते. घराच्या मीटरचे अर्थिंग चार पावलांवर असूनही तिथला दाब बराच कमी असतो. या दोन टोकांना जोडणारी वस्तू घरात एकच असते, ती म्हणजे टीव्ही! म्हणून डिशचा पाइप, केबलचे बाहेरचे वेष्टण आणि घराचे मुख्य अर्थिंग ही सगळी एकमेकांना जोडलेली हवीत. आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सांगते. ती शक्य तितकी सरळ आणि आखूड असावी, वेटोळे नको. बाल्कनीतल्या डिशना तेच मानक सूट देते: छताच्या कडेपासून दोन मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असलेल्या ॲन्टेनाला ही जोडणी सक्तीची नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पुष्कळांची चिंता इथेच मिटते.

बंगळुरूची जमीन मात्र सहकार्य करणारी नाही. लालबागेतला सुमारे तीन अब्ज वर्षांचा खडक पाहायला पर्यटक जातात. तसलाच कठीण नाइस खडक शहरात अनेक ठिकाणी थोडे खणले तरी लागतो. अर्थिंगचा पाइप किमान अडीच मीटरचा असावा असे भारतीय मानक आयएस ३०४३ म्हणते. तो पुरा उतरलाच नाही तर काही ठिकाणी वरचा तुकडा कापून मोकळे होतात. त्यातही माती सर्वांत कोरडी असते ती उन्हाळ्याच्या शेवटी, नेमकी वळवाच्या तोंडावर. जुन्या घरांत लोखंडी नळाला तार गुंडाळून काम भागत असे. आता नळ प्लास्टिकचे झाले, तार गुंडाळण्याची सवय मात्र काही ठिकाणी टिकून आहे.

हे काम कुणाचे, यावर सगळे अडते. डिश बसवायला आलेला मुलगा चार बोल्ट आवळतो, सिग्नल दाखवतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. भाडेकरू म्हणतो घर मालकाचे, मालक म्हणतो डिश भाडेकरूची, वायरमन म्हणतो डिशचे काम माझ्याकडे येत नाही. ग्राहकाला दोष देऊन यातून काही निघणार नाही. पाइपाची जोडणी झाल्याशिवाय डीटीएच कंपनीने काम पूर्ण झाल्याची नोंद करू नये, आणि ट्राय या दूरसंचार नियामकाने सेवेच्या गुणवत्तेच्या नियमांत हे एक कलम घालावे. दहा-पंधरा मीटर तार आणि दोन क्लॅम्प यांचा खर्च टीव्हीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. अपार्टमेंटच्या संघांचे लिफ्ट आणि जनरेटरच्या वार्षिक देखभालीचे करार असतातच. त्यांत मार्चमध्ये अर्थिंगचा रोध मोजण्याची एक ओळ वाढवायला अडचण कसली?

तोवर, आणि त्यानंतरही, गडगडाट जवळ येण्याआधी टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते, त्याचा इथे उपयोग होतो. नुसता स्विच बंद करून भागत नाही. त्याच्या आतली काही मिलिमीटरची फट लाखभर व्होल्ट सहज ओलांडतात, आणि केबल तर त्या स्विचमधून जातच नाही.