आजोबा कसे आहेत विचारता, आजींचं काय?



आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांना स्मृतिभ्रंश झालेला असतो. घरी येणारा प्रत्येक जण 'आजोबा कसे आहेत?' असं विचारतो. त्यांना आंघोळ घालणाऱ्या, दिवसभर दाराकडे लक्ष ठेवणाऱ्या सत्तरीच्या आजींना मात्र 'किती सेवा करता हो!' एवढंच ऐकायला मिळतं. माझं मत विचाराल तर हे कौतुकच त्यांना महागात पडतं. एकदा सगळ्यांनी वाखाणलं, की 'मी थकले' म्हणायची सोयच उरत नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात स्त्रियांचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे कित्येक घरांत सांभाळणारे आजोबाच असतात. जन्मात कधी कुकर न लावलेला माणूस पंचाहत्तरीत बायकोची वेणी घालायला शिकतो!

हा नुसता विसराळूपणा नव्हे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता दिवेलागणीला वाढते. स्वतःच्याच घरात 'मला घरी जायचंय' म्हणत ते चप्पल शोधतात. कधी 'माझे पैसे तूच चोरलेस' असा आळ बायकोवर येतो. ती चिडते, ओरडते आणि मग आजारी माणसावर ओरडलो म्हणून रात्री एकटीच रडते. तिची झोप मोडते, बीपीची गोळी राहते, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं जातं. माणूस समोर बसलेला असतो, तरी ओळख हरवलेली असते. या दुःखाला भेटायला कुणी येत नाही.

लांब राहणारी मुलं फोनवरून सल्ले देतात. (सल्ल्यांना कधीच तोटा नसतो.) पैसे पाठवणं चांगलंच, पण आजींना हवे असतात मोकळे तास. 'काही लागलं तर सांगा' म्हटलं तर त्या कधीच सांगणार नाहीत. त्यापेक्षा 'दर मंगळवारी चार ते सहा मी बसतो, तुम्ही देवळात जा, नाहीतर झोपा' असं ठरवून टाका. आणि हे सगळं एकट्या सुनेच्या गळ्यात घालू नका.

नातवंडांना आजार सोप्या शब्दांत समजावून सांगा. आजोबांसोबत शेंगा सोलणं, जुनी गाणी ऐकणं त्यांना जमतं. राखण करायची जबाबदारी मात्र त्यांची नाही. पालकसभेला आई-बाबांऐवजी आजी आल्या, तर प्रगतिपुस्तक दाखवण्याआधी त्यांना खुर्ची द्या आणि विचारा, 'तुम्हाला झोप लागते का?' त्या बोलत असताना मध्येच धीर द्यायला जाऊ नका. जेवणावरची वासना उडाली असेल, किंवा 'आता सुटले तर बरं' असं त्या म्हणत असतील, तर ते हसण्यावारी नेऊ नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं. तो नंबर आजींच्या फोनमध्ये आपणच सेव्ह करून द्यावा.