दोन मिनिटांची स्तब्धता आणि त्यानंतर

एखाद्या विद्यार्थ्याचा पिता वारला की आमच्या शाळांत काय घडते, हे वाचकांना ठाऊक आहे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते आणि वर्गशिक्षिका चार मुलांना सोबत घेऊन अंत्यविधीला जाते. धर्मग्रामातही काही उणे राहत नाही. मिस्साबलिदान अर्पण केले जाते, शेजारीपाजारी घरी येऊन जपमाळ म्हणतात, महिन्याने पुन्हा मिस्सा होते. पुढचे चर्च पाहील असे शाळेला वाटते, शाळा पाहील असे चर्चला वाटते; आणि एकाच आवारात, एकाच घंटेच्या नादात उभ्या असलेल्या या दोन संस्थांमधल्या फटीत ते मूल दिसेनासे होते. या फटीविषयी आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे.

२०२० आणि २०२१ साली जी मरणे झाली त्यांच्या वाट्याला तर ही स्तब्धताही आली नाही. शाळा बंद होत्या, अंत्यविधीला मोजकीच माणसे जाऊ शकत होती. २३ एप्रिल २०२१ रोजी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोरोनाचे रुग्ण दगावले, तेव्हा सारा वसई तालुका हादरला. आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे शासनाने पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली, ते योग्यच झाले. परंतु केवळ बाप किंवा केवळ आई गेलेली मुले कितीतरी अधिक आहेत. त्या वर्षी तिसरी-चौथीत असलेले मूल आज माध्यमिक शाळेत आहे. त्याच्या नव्या वर्गशिक्षकांना घरच्या हकिकतीचा गंधही नाही. त्यांना दिसतो तो मागच्या बाकावर पेंगणारा, गृहपाठ न करणारा, क्षुल्लक कारणावरून हात उगारणारा मुलगा. आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, ‘वर्तन असमाधानकारक’.

‘आम्ही समुपदेशक नेमला आहे,’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकतो. समुपदेशक हवाच, त्याच्या कामाविषयी आमच्या मनात आदर आहे. पण आठवड्यातून एक दिवस येणारी व्यक्ती शेकडो मुलांना कशी पुरणार? शिवाय आघात झालेल्या माणसाला एकदाच समोर बसवून सारा प्रसंग त्याच्या तोंडून वदवून घेण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेनेच निरुपयोगी ठरविली आहे. बहुतेक मुले सावरतात ती रोजचा दिनक्रम, ओळखीची माणसे आणि पोटाची निश्चिंती यांच्या आधाराने. थोड्या मुलांना मानसोपचारतज्ज्ञांची गरज भासते, आणि ती थोडी कोणती हे ओळखायलादेखील मुलाला रोज पाहणारा कोणीतरी लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्यात आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी पत्करली. मुलांना गावापासून दूर नेणे बरे की वाईट, यावर वाद घालता येईल. पण ज्यांनी ते केले त्यांनी श्रद्धांजलीच्या सभेवर भागवले नाही, वर्षानुवर्षे ते ओझे वाहिले. आम्हांला तर मुले कोठेही न्यायची नाहीत. घर, शाळा, चर्च ही एका हाकेच्या अंतरावर आहेत. अडचण अंतराची नाही, हाक मारण्याची आहे.

‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?’ हा आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो, विशेषतः घरात कोणी आत्महत्या केली असेल तेव्हा. १९१७ च्या धर्मसंहितेने आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती बंदी उरली नाही. अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती म्हणून पाहिले. ख्रिस्तसभा बदलली, कायदा बदलला; बदलली नाही ती चर्चच्या पायऱ्यांवरची कुजबुज. मुलाच्या कानी ती पडतेच. म्हणूनच विधवा मातेची संमती घेऊन एक शिक्षक, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा एक सभासद आणि धर्मगुरू, एवढ्याच तिघांना ही गोष्ट ठाऊक असावी, आणि त्यांनी ती तिघांतच ठेवावी. पालक-शिक्षक संघाच्या सभेत तिचे काम नाही. तिथे शुल्क आणि स्नेहसंमेलन यांनाच वेळ पुरत नाही.

मूल ख्रिस्ती नसेल तर? शोमरोनी माणसाने जखमीचा धर्म विचारला नव्हता. त्या दाखल्यात एका पात्राकडे प्रवचनकारांचे सहसा दुर्लक्ष होते, तो म्हणजे उतारशाळेचा मालक. शोमरोन्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत आणले, मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. एकाने आणून सोपवले, दुसऱ्याने सांभाळले, आणि पहिला परत येणार होता. आमच्या शाळांत आणि धर्मग्रामांत नेमके हे सोपवणे आणि परत येणेच घडत नाही.

आणि यासाठी देणगी लागत नाही, की नवे मंडळ स्थापून त्याचे उद्घाटन करावे लागत नाही. प्रत्येक धर्मग्रामात मृतांची नोंदवही असते. ती ठेवणे धर्मसंहितेने बंधनकारक केले आहे. धर्मगुरूंनी २०२० पासूनची पाने उघडावीत, मुख्याध्यापकांनी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शेजारी ठेवावे. कोणत्या मृतांची मुले आज कोणत्या इयत्तेत आहेत, आणि कोणती शाळा सोडून गेली, याची यादी एका दुपारी तयार होते. जी मुले शाळा सोडून गेली, त्यांच्या घरी आधी जावे.