हसवणारे खरे पुस्तक



मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा आमचा एक वाचक आहे. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही. त्याला कादंबरीची गोडी नाही, मालिका तो बघत नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात. एक, खरे घडलेले सांगणारे पण हसवणारे पुस्तक. दुसरी, माहितीपट. डब्याच्या पिशवीत त्याचे पुस्तक ठरलेले. घरच्यांची तक्रार अशी की, "आपल्याच माणसांच्या हालाच्या गोष्टी वाचून हसतोस कसला?" हा प्रश्न त्याने आमच्याकडे पाठवला आहे. प्रश्न एकट्या त्याचा नाही, म्हणून आजचे सदर त्यावर.

हसत हसत खरे सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' 1873 साली निघाले. ते सारे पुस्तक जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादात आहे. रात्री जेवणानंतर घरातल्या दोघांनी दोन आवाजांत वाचावे, इतके ते सोपे. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मले, ही गोष्ट फुले रागाने खोडत नाहीत. ते म्हणतात, बरे, धरू खरी. मग चार ठिकाणच्या विटाळापायी त्याला महिन्यातले सोळा दिवस बाजूलाच बसावे लागले असेल! आमच्यासारख्या जमाखर्च मांडणाऱ्या माणसाला हा हिशेब फार आवडतो. शंभर पानी वादाने जे होत नाही, ते एका हिशेबाने होते. ज्या गोष्टीला माणूस एकदा हसला, तिला तो पुन्हा भीत नाही.

आता आपल्या रत्नागिरीचे पुस्तक घ्या. उर्मिला पवार यांचा जन्म 1945 चा, तालुक्यातल्या फणसवळ्याचा. त्यांचे 'आयदान' हे आत्मकथन 2003 साली आले. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांचे विणकाम. वडील गेल्यावर आईने सुपे, टोपल्या विणून मुले वाढवली. त्या पुस्तकात डोक्यावर ओझे घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया आहेत. चढ लागला की त्या, एवढ्या आडजागी गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाचाच उद्धार करतात! वाचताना हसू फुटते, आणि मग ध्यानात येते की हे ओझे आपल्याच आजीच्या डोक्यावर होते. त्या बाया हसत होत्या म्हणून चढ चढून गेल्या. मग आमच्या वाचकाने हसले तर काय बिघडले? दुःखाला हसणे वेगळे आणि दुःखात हसणे वेगळे.

माहितीपटाचे म्हणाल, तर आपल्या पिढीने तो सिनेमाच्या आधी पाहिला. फिल्म्स डिव्हिजनचे चित्र सुरू झाले की निम्मे लोक विडी ओढायला बाहेर. त्यामुळे माहितीपट म्हणजे कंटाळा, असे डोक्यात बसले. त्यांनी आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' बघावा. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव दिला. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे चित्रण केले. चित्रपट तीन तासांचा आहे, पण गाण्यांनी आणि माणसांच्या बोलण्याने तो कुठे रेंगाळत नाही. 6 डिसेंबरच्या गर्दीला नाके मुरडणारी माणसे त्यात आहेत. दिग्दर्शक त्यांना बोलू देतो. बोलता बोलता त्यांचे शहाणपण आपोआप उघडे पडते. गोळीबाराच्या प्रसंगात डोळे भरतात आणि इथे हसू येते. दोन्ही एकाच चित्रपटात.

आता मुद्द्याची गोष्ट. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी ते तयार केले. त्या दोघी गेल्या नसत्या, तर त्या आयाबायांचे बोलणे त्यांच्याबरोबरच संपले असते. आपल्या वाडीत 1956 ची दीक्षा आठवणारी माणसे आता किती उरली? बोटांवर मोजावी इतकी. त्यांच्याजवळ नुसते हाल नाहीत, थट्टा आहे, म्हणी आहेत, सावकाराची खोड कशी मोडली त्याच्या गोष्टी आहेत. हे सगळे कागदावर किंवा फिल्मवर आले नाही, तर पाचदहा वर्षांत काहीच उरणार नाही.

यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया' या पत्रातल्या दलित बायांनी मोबाईलवर बातम्या टिपल्या. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट 2022 साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. मोबाईल तर आपल्या घरातही आहे.

तेव्हा येत्या सुट्टीत मुलांना हे काम द्या. आजीची परवानगी घ्यावी. ती तांदूळ निवडत असेल तर निवडू द्यावी, हात चालू असला की तोंड चालते. मध्ये बोलू नये. साल आठवत नसेल तर पाऊस, लग्न, कुणाचा जन्म यावरून विचारावे. ती हसली तर ते कापू नये. चित्रण दोन ठिकाणी ठेवावे, आणि ऐकून वहीत उतरवावे. मंडळांनीही जयंतीच्या खर्चातून एक संध्याकाळ माहितीपटाला आणि चार पुस्तकांना द्यावी.

आमच्या त्या वाचकाने घरी आता 'आयदान' मोठ्याने वाचायला घेतले आहे. तक्रार करणारी माणसेच विचारतात म्हणे, "पुढे काय झाले?" आपल्या घरीही असे होवो.

जयभीम!