घरगुती यंत्रविचार : गाडींतच हवा भरण्याची सोय

जीपवजा गाडी दारांत उभी असलेलीं घरें अलीकडे पुष्कळ झालीं आहेत, आणि गाडीमागोमाग घरांत एक नवा वादही येतो : टायरांत हवा भरण्याचें यंत्र गाडींतच ठेवावें कीं नाहीं, आणि ठेवावयाचें तर कोणतें? दोघां-तिघां वाचकांनीं ह्याविषयीं विचारलें आहे. एका पत्रांत तर ह्याच प्रश्नावरून काका-पुतण्यांत चार दिवस अबोला असल्याचें कळविलें आहे! अबोला मोडणें आमच्या हातीं नाहीं; हिशेब मात्र मांडून दाखवितां येईल.

प्रथम, टायरांतील हवा मुळांत कमी करावीच कां, हें पाहूं. टायर नरम केला कीं त्याचा जमिनीस टेकणारा पट्टा लांबतो व गाडीचें ओझें अधिक जागेवर वांटलें जातें. चाक वाळूंत रुतत नाहीं आणि अणकुचीदार दगड आला तर टायर त्यास कवटाळून पुढें सरकतो. ही युक्ति जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें ‘डक’ नांवाच्या ज्या जलस्थलगामी मोटारी वापरल्या, त्यांत चालकास बसल्या जागेवरून टायरांतील हवा कमी-अधिक करतां येत असे. १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडीच्या वाळूवर त्या ह्याच सोयीच्या बळावर फिरल्या.

आपल्या बीड जिल्ह्यांत ह्या युक्तीचा उपयोग सर्वत्र सारखा नाहीं. पाटोदा, आष्टी, धारूर ह्या बालाघाटाच्या माथ्यावरील खडकाळ वाटांवर ३२ पौंडांची हवा २५ वर आणली तरी पुरे. पाठीचे मणके दुवा देतात. राक्षसभुवनास गोदावरीच्या वाळूंत गाडी घालण्याची वेळ आलीच तर १८ पर्यंत उतरावें. त्याच्याही फार खालीं गेल्यास टायर रिंगेवरून निसटण्याचें भय असतें. गेवराई-माजलगांवच्या काळ्या रानांत श्रावणांत मात्र हवा सोडून फारसें साधत नाहीं. ती चिकण माती टायराच्या नक्षींत भरते आणि चाकाचें लाटणें होतें. तेथें गाडी सडकेवर उभी करून शेतांत पायीं जावें, हाच उत्तम उपाय.

आतां परतीचा विचार. हवा सोडणें हें दोन-चार मिनिटांचें काम. कोणाही मुलास जमतें. अमरकोशांत वायूस ‘सदागति’ असें एक नांव दिलें आहे, त्याची यथार्थता व्हॉल्व्ह उघडतांच पटते. पण सौताड्याच्या धबधब्याकडून किंवा एखाद्या माळावरच्या देवस्थानाहून सायंकाळीं सात माणसें घेऊन निघालेली गाडी तशाच नरम टायरांवर धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्गास लागली, म्हणजे खरा धोका सुरू होतो. नरम टायराची कूस प्रत्येक फेऱ्यास दुमडते व उलगडते. त्या घडामोडीनें रबर आंतून तापतें आणि उन्हाळ्यांत सडक आधींच तापलेली असते. ८०-९० च्या वेगांत असा टायर फुटला तर गाडी चालकाच्या हातीं राहत नाहीं. पेट्रोलपंपावर हवा मिळते हें खरें, परंतु तो पंप वीस-पंचवीस कोसांवर असेल आणि मुलें पेंगुळलीं असतील, तेव्हां ‘हळू जाऊं, कांहीं होत नाहीं’ असें म्हणण्याचा मोह प्रत्येकास होतो. यंत्र घ्यावयाचें तें एवढ्याचसाठीं. ज्याच्यापाशीं हवा भरण्याचें साधन नाहीं, त्यानें ती सोडूंच नये.

ट्रकवाल्यांस हा प्रश्न पडत नाहीं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचीं कुटुंबें घेऊन आपल्या जिल्ह्यांतून जे ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, त्यांचे ब्रेकच हवेवर चालतात. इंजिनास जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांत हवा कोंडीत असतो आणि पुष्कळ ट्रकांचे चालक त्याच हवेला नळी लावून टायर भरून घेतात. जीपचे ब्रेक तेलावर चालतात. तिच्यापाशीं कोंडलेली हवा नसते. ती तिला बाहेरून पुरवावी लागते.

किती पुरवावी? दुकानदार खोक्यावरचा ‘१५० पौंड’ हा आंकडा बोटानें दाखवितो. तो निरुपयोगी समजावा. आपणांस ३२ च्या वर जावयाचेंच नाहीं! खरा प्रश्न दर मिनिटास किती लिटर हवा मिळते हा आहे. जीपच्या एका टायरांत सुमारें ६० लिटर जागा असते. दाब १८ वरून ३२ वर नेणें म्हणजे १४ पौंड, अर्थात् जवळजवळ एक वातावरण वाढविणें. म्हणजेच बाहेरची ६० लिटर हवा आंत दडपणें. चार टायरांस २४० लिटर झाली. सिगारेटच्या खांचेंत खुपसावयाचें लहान यंत्र प्रत्यक्ष भरलेल्या टायरावर मिनिटास २० लिटर देतें असें धरलें तर १२ मिनिटें लागतात. दोन सिलिंडरांचें, बॅटरीस चिमटे लावून चालणारें यंत्र ८० लिटर देत असेल तर ३ मिनिटांत काम होतें. खोक्यावर छापलेले लिटर बहुधा नळी मोकळी सोडून मोजलेले असतात, हें विसरूं नये.

बारा मिनिटें कांहीं फार नाहींत, असें कोणी म्हणेल. अडचण उष्णतेची आहे. सायकलला हवा भरतांना पंप हातास कढत लागतो, हें आपण सर्वांनीं लहानपणीं अनुभविलें आहे. लहान यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या टायराशीं तसेंच तापतें व आपोआप बंद पडतें. मग झाडाखालीं बसून त्याच्या निवण्याची वाट पाहावी. म्हणून सलग किती मिनिटें चालेल हा प्रश्न दुकानांत अवश्य विचारावा. वैशाखांतील माळ हें वातानुकूलित दुकान नव्हे, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

कांहीं हौशी मंडळी गाडींत यंत्र कायमचें बसवून त्यास टांकी जोडतात. टांकीविषयीं मात्र भ्रम फार आहे. ८ लिटरांची टांकी ८ वातावरणांच्या दाबानें भरली व दाब २ वर येईपर्यंत वापरली, तर ८ गुणिलें ६, म्हणजे ४८ लिटर हवा मिळते. एक टायरही पुरा होत नाहीं! इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर सर्वांत जोरकस खरा. पण त्यासाठीं गाडीच्या मूळ रचनेंत हात घालावा लागतो आणि कंपनीची हमी धोक्यांत येते. दर आठवड्यास डोंगर तुडविणाऱ्यांनीं त्याच्या वाटेस जावें. खिशांत मावणारें, आंतच बॅटरी असलेलें यंत्र पंक्चरच्या वेळीं एका टायरापुरतें कामास येतें. चार टायर भरण्याची त्याची ताकद नसते.

आमच्या मतें एकत्र कुटुंबास पिशवींत राहणारें, चिमट्यांचें, दोन सिलिंडरांचें यंत्रच बरें. तें आज थोरल्याच्या गाडींत, उद्यां धाकट्याच्या, आणि सुटींत मुलांच्या सायकलींपाशीं जाऊं शकतें. तें ३० अँपिअरांहून अधिक वीज ओढूं शकतें, म्हणून सिगारेटच्या खांचेस जोडूं नये; फ्यूज जातो. चालवितांना इंजिन मोकळ्या जागेंत सुरू ठेवावें. हवा ओढण्याच्या तोंडाशीं गाळणी हवीच. आपल्याकडची धूळ वर्षभरांत सिलिंडर खाऊन टाकील. दाब मोजण्याचा कांटा मात्र वेगळा व चांगला घ्यावा. यंत्रावरचा कांटा पुष्कळदां पाहुण्यासारखा गोड बोलतो. किती हवा भरावी हें गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें, आणि तो आंकडा थंड टायराचा असतो. स्टेपनी धरून गाडीचे पंचप्राण होतात. पांचव्याकडे कोणी पाहत नाहीं व तोच ऐन वेळीं बसलेला निघतो.

यंत्र घरीं आल्यावर पहिला प्रयोग अंगणांतच करावा. चारही टायर १८ वर आणून, घड्याळ लावून, पुन्हां चौकटीवरच्या आंकड्यापर्यंत न्यावेत. पांच मिनिटांचें काम सांगितलेल्या यंत्रास वीस लागलीं, तर दुसऱ्याच दिवशीं पावती घेऊन दुकानांत जावें. आठवड्यानंतर तें कोणी परत घेत नाहीं.