गच्ची कुणाची, लहरी कुणाच्या?

गिरगावातल्या चाळी पाहिलेल्या माझ्या पिढीला ‘पीपी नंबर’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नोकरीच्या अर्जावर किंवा लग्नाच्या बोलणीत आपण शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक देत असू आणि त्यापुढे कंसात ‘पीपी’ लिहीत असू. फोन आला की शेजारघरचे कुणीतरी गॅलरीत येऊन हाक मारी आणि आपण हातातले काम टाकून धावत असू. आज त्याच चाळींत घरटी दोन-तीन मोबाइल आहेत. पण आतल्या खोलीत आवाज तुटतो म्हणून माणसे बोलायला गॅलरीतच येतात. फोन शेजाऱ्याच्या घरातून आपल्या खिशात आला, गॅलरी मात्र सुटली नाही.

असे का व्हावे? मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आले १८८२ साली. मोबाइल आला १९९५ मध्ये. बीपीएल आणि मॅक्स टच अशा दोन कंपन्या होत्या आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबले. बीपीएलचे पुढे लूप झाले आणि २०१४ मध्ये लूपही बंद पडली. मॅक्स टचचे ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि शेवटी व्हीआय झाले. २०१६ मध्ये जिओ आली, ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी आले. पाट्या बदलल्या, वेग वाढला. पण प्रत्येक नव्या यंत्रणेला एक जुनीच गोष्ट लागते, ती म्हणजे अँटेना उभारायला जागा. मुंबईच्या नेटवर्कचा खरा प्रश्न यंत्राइतकाच जागेचाही आहे, हे आपण नीट लक्षात घेतलेले नाही.

थोडे शास्त्र पाहू. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लांब जातात आणि जाड भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. फाइव्ह-जीचा मोठा वेग ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येतो, त्या लहरी पुष्कळ माहिती वाहतात, पण दोन भिंतींत थकतात. म्हणून वेग हवा असेल तर अँटेने अधिक हवेत, जवळजवळ हवेत आणि त्या प्रत्येकापर्यंत फायबरची तार हवी. शिवाय पोहोच वेगळी आणि क्षमता वेगळी. गणेशोत्सवात लालबागला फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि तरीही फोन लागत नाही. बँकेचे दार उघडे आहे म्हणजे आत रांग नाही असे थोडेच असते? दार म्हणजे दांड्या आणि कॅशियर म्हणजे क्षमता. आणि एका अँटेन्याची क्षमता त्याच्या टापूतली सारी माणसे वाटून घेतात. म्हणूनच मोठ्या गर्दीच्या ठिकाणी कंपन्या गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. उत्सव दहा दिवसांचा असतो म्हणून ते भागते. नेहमीच्या वस्तीला कायमची जागाच लागते.

आता ही जागा कुणाची? पागडीच्या चाळीत गच्ची घरमालकाची. टॉवर बसला तर भाडे त्याच्या खिशात आणि किरणांची भीती भाडेकरूच्या डोक्यात. तेव्हा भाडेकरूंनी विरोध केला तर त्यांना अडाणी कसे म्हणावे? सहकारी सोसायटीत तेच भाडे सर्वांच्या मासिक खर्चातून वजा होते आणि भीतीही काहीशी कमी होते! भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. टॉवर दूर असेल तर आपल्या कानाजवळचा फोनच अधिक जोर लावतो, हेही खरे. पण हे लोकांना सांगायचे, त्यांच्यासमोर मोजून दाखवायचे, तर आधी त्यांना विचारले पाहिजे. ज्याला निर्णयात मत नाही आणि भाड्यात वाटा नाही, त्याला शास्त्र पटवणे कठीण असते.

परळ-लालबागमध्ये याला आणखी एक पदर आहे. गिरण्यांच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. नव्या कचेऱ्यांत आणि मॉलमध्ये छतातच छोटे अँटेने बसवता येतात, त्याचा खर्च परवडतो. शेजारच्या बैठ्या वस्तीसमोर मात्र काँक्रीटची भिंत उभी राहते आणि लहरी अडतात. जुनी इमारत पाडली की तिच्या गच्चीवरचा अँटेनाही जातो आणि त्याच्या भरवशावर असलेल्या आसपासच्या घरांत एका दिवसात फोन मुके होतात. पुनर्विकासाच्या करारात चौरस फूट असतात, पार्किंग असते, लिफ्टची कंपनीही असते. अँटेन्याचा उल्लेख सहसा नसतो.

सरकारी कामातही हेच. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगाव, काळबादेवी, दादर ही नावे भुयारी स्थानकांवर झळकली, याचा आनंद झाला. पण गाडी धावू लागली तेव्हा खाली मोबाइल मात्र मुका होता. मेट्रो महामंडळाचे म्हणणे, आम्ही नेमलेल्या तिसऱ्या कंपनीची यंत्रणा वापरा. मोबाइल कंपन्यांचे म्हणणे, तिचे दर परवडत नाहीत, आमची यंत्रणा आम्हालाच बसवू द्या. तिकीट काढता यावे म्हणून स्थानकांत वायफाय द्यावे लागले. भुयार खणणे हे अवघड काम झाले होते. अडले ते तार कुणी ओढायची यावर. मार्गाधिकाराचे नवे नियम तर १ जानेवारी २०२५ पासूनच लागू झाले होते.

याउलट जागा असून पैसा नसल्याचे उदाहरण म्हणजे एमटीएनएल. १९८६ पासून शहराच्या मोक्याच्या ठिकाणी तिची एक्स्चेंजे, तिच्या इमारती, तिच्या तारा. मुंबईत थ्री-जी तिनेच आधी, २००९ मध्ये आणले. मग २०१० च्या लिलावात ठरलेल्या भावाने दिल्ली-मुंबईच्या लहरींसाठी तिला सुमारे ११ हजार कोटी रुपये भरावे लागले, तेही कर्ज काढून. कर्जाचे व्याज आणि घटते उत्पन्न यांत यंत्रसामग्री जुनी होत गेली. स्वतःचे फोर-जी तिला कधी उभारताच आले नाही. २०२४-२५ मध्ये सार्वजनिक बँकांचे हप्ते थकले. आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेल्या माणसाला हे नवे नाही. चालत्या धंद्याकडून परवान्याची रक्कम आधीच काढून घेतली की दुरुस्तीला पैसा उरत नाही.

कुणी म्हणेल, फोन थोडा तुटला तर एवढे काय बिघडले? मी बँकेत होतो तेव्हा ग्राहकाची ओळख सहीवरून पटवत असू. आता ती सहा आकडी ओटीपीवरून पटते आणि तो ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो. आतल्या खोलीत खाटेवर असलेल्या पेन्शनरने तेवढ्यात गॅलरी कशी गाठावी? रात्री १०८ ला फोन करणाऱ्याचे काय? घराघरांतले जुने काळे फोन आपण काढून टाकले आहेत. मागे फिरायला वाट नाही.

म्हणून चार गोष्टी व्हायला हव्यात. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचे मानांकन देण्याचे नियम केले. ते मानांकन स्वेच्छेचे आहे. निदान पुनर्विकासात तरी ते सक्तीचे करावे. महापालिकेच्या मंडया, बेस्टचे आगार, एमटीएनएलची एक्स्चेंजे यांच्या गच्च्या सर्व कंपन्यांना समान दराने द्याव्यात. सार्वजनिक प्रकल्पात तार कोण ओढणार हे पहिल्या निविदेतच ठरावे. आणि पागडीच्या इमारतीत टॉवरच्या भाड्यातला एक भाग दुरुस्तीसाठी राखावा, म्हणजे भाडेकरू मुकाट सोसणारा न राहता भागीदार होईल.

हे सारे मंत्रालयातून येईपर्यंत थांबायचे कारण नाही. पुढच्या वेळी तुमच्या चाळीत पुनर्विकासाची सभा भरेल, बिल्डरचा माणूस नकाशे उलगडेल, चौरस फुटांवर भांडून होईल, तेव्हा उठून एक साधा प्रश्न विचारा: नव्या घरात आतल्या खोलीत फोन लागेल का, आणि त्यासाठीची जागा या नकाशात कुठे दाखवली आहे?