पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे



लग्नसराई जवळ आली की सोनार, शिंपी, लॉन्ड्री यांच्याकडे आपल्या घरांची ये-जा वाढते. कोणी आईची बोरमाळ नव्याने गाठवायला टाकते, कोणी पैंजण उजळायला देते, कोणी ठेवणीतली साडी धुवायला देते. आणि याच दिवसांत एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते. ‘दुकानात दिलेली वस्तू दुकानदाराने हरवली. आता काय करायचे?’

आमच्या मुरुम भागात या तक्रारीचा प्रवास ठरलेला असतो. पहिल्या हेलपाट्याला ‘उद्या या’, दुसऱ्याला ‘कारागीर गावाला गेलाय’, तिसऱ्याला ‘शोधतोय’ आणि चौथ्याला ‘बाई, सापडत नाही, काय करू?’ यानंतर घरात दोन दिवस रडारड होते आणि विषय मिटतो. मिटतो तो समाधान झाले म्हणून नव्हे, तर तोंड उघडण्याची सोय नसते म्हणून. त्याच दुकानात आपली उधारी असते. पेरणीच्या वेळी त्याच माणसापुढे हात पसरावा लागणार असतो. आणि मुख्य म्हणजे हातात कागद नसतो. ‘इतक्या वर्षांची ओळख, पावती कशी मागायची?’ या भिडेपोटी आपण तोळ्याचा ऐवज नुसत्या शब्दावर सोपवून येतो. मजुरीच्या पैशातून वर्षानुवर्षे साठवलेले ते सोने असते. गरिबाच्या घरी तीच बँक, तोच विमा.

या बाबतीत बाबासाहेबांच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली होती. ती भारतात नेण्यासाठी त्यांनी एका मित्राच्या हवाली केली. त्यातली काहीच पुस्तके पुढे त्यांच्या हाती लागली. दुसरा प्रसंग १९१७ चा. पहिले महायुद्ध चालू होते. लंडनहून परतताना त्यांनी आपले सामान थॉमस कुक कंपनीमार्फत पाठवले. ते सामान ज्या जहाजात होते ते शत्रूच्या टॉर्पेडोने बुडाले. नुकसान मोठेच होते, पण कंपनीकडून त्यांना सुमारे सहाशे रुपये भरपाई मिळाली. घरात पैशाची चणचण असताना तीच रक्कम कामी आली. त्यातले काही पत्नी रमाबाईंकडे देऊन ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यास निघाले.

माणूस तोच, जिवापाड जपलेली वस्तूही त्याच प्रकारची. मैत्रीत सोपवलेल्या पुस्तकांची दाद कोठे मागणार? व्यवहारात सोपवलेल्या सामानाची भरपाई मात्र मागता आली आणि मिळालीही. आमच्या मते या विषयातला सर्व धडा एवढ्यात आहे. व्यवहाराला व्यवहाराचे रूप दिले, तर गरिबालाही ताठ मानेने भरपाई मागता येते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कामासाठी किंवा सांभाळण्यासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम झाले की ती परत घेणे, याला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये ‘निक्षेप’ म्हटले आहे. आपण साध्या शब्दात त्याला ठेव म्हणू. या कायद्याचे कलम १५१ सांगते की सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ठेव घेणाऱ्याने घेतलीच पाहिजे. मजुरी घेतली असो वा नसो, हे कर्तव्य सुटत नाही. वस्तू हरवली की ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे दाखवण्याचा भार दुकानदारावर येतो. आपण सिद्ध करायचे ते एवढेच की वस्तू आपण दिली होती. म्हणूनच पावतीचे मोल मोठे आहे.

काळजी घेऊनही वस्तू गेली तर दुकानदार सुटतो, हे कलम १५२ मध्ये आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आपल्या उमरगा-औसा भागाने भोगला आहे. अशा आपत्तीत दुकानच गडप झाले, तर त्याचा दोष दुकानदाराच्या माथी मारता येणार नाही. न्याय दोन्ही बाजूंनी असावा लागतो. पण गल्ल्याशेजारच्या उघड्या डब्यात दागिने ठेवून चहाला जाणे म्हणजे भूकंप नव्हे. आणखी एक कलम लक्षात ठेवा, १६१ वे. ठरलेल्या दिवशी दुकानदाराच्या चुकीमुळे वस्तू परत मिळाली नाही, तर त्या दिवसानंतर झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर पडते. तेव्हा पावतीवर परत देण्याची तारीख घालून घ्या.

ताबा कोणाकडे होता, यावर बरेच अवलंबून असते. मद्रास उच्च न्यायालयाचा १९३८ साली प्रसिद्ध झालेला एक निकाल यासाठी वकील मंडळी नेहमी सांगतात. एका बाईने जुने दागिने मोडून नवे घडवण्याचे काम सोनाराला दिले. रोज संध्याकाळी ती अर्धवट झालेले दागिने परत घेई, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवी आणि किल्ली स्वतः घेऊन जाई. एका रात्री चोरी झाली. न्यायालयाने म्हटले की दागिने बाईने रोज परत आपल्या ताब्यात घेतले होते, म्हणून सोनार जबाबदार नाही. तेव्हा भगिनींनो, दुकानाच्या बाकावर पिशवी ठेवून साड्या पाहत बसलात आणि पिशवी गेली, तर दुकानदाराला धरणे अवघड. पण त्याच्या नोकराने पिशवी हातातून घेऊन बिल्ला दिला, तर ती त्याच्याकडची ठेव झाली.

‘पावतीच्या मागे लिहिले आहे, आम्ही जबाबदार नाही’ असे सांगून पुष्कळ दुकानदार ग्राहकाला गप्प करतात. या छापील ओळींना घाबरण्याचे कारण नाही. मद्रासच्या एका लॉन्ड्रीच्या पावतीवर छापले होते की कपडा हरवल्यास किमतीच्या फक्त १५ टक्के मिळतील. नवी साडी हरवली. मद्रास उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात ही अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही १९९० च्या दशकात एका लॉन्ड्रीच्याच प्रकरणात सांगितले की ग्राहकाची सही न घेता पावतीच्या पाठीमागे छापलेल्या अटी आपोआप कराराचा भाग होत नाहीत. १९९८ साली दिल्लीच्या एका बड्या हॉटेलात नोकराच्या हाती सोपवलेली गाडी चोरीस गेली. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे हॉटेलने छापले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरले. बड्या हॉटेलची पाटी टिकली नाही, तर आपल्या बाजारपेठेतल्या पाटीचे काय?

आता प्रत्यक्ष करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

वस्तू हरवल्याचे कळताच दुकानात आरडाओरडा करू नका आणि रिकाम्या हाती परतही येऊ नका. साध्या कागदावर दोन प्रतींत लिहा: ‘अमुक तारखेस मी आपल्या दुकानात सोन्याची बोरमाळ, वजन अमुक ग्रॅम, गाठविण्यासाठी दिली. ती अमुक तारखेस परत देण्याचे ठरले होते. ती हरवल्याचे आपण आज सांगितले. पंधरा दिवसांत तेवढ्याच वजनाची वस्तू किंवा आजच्या दराने किंमत द्यावी.’ एका प्रतीवर दुकानदाराची सही व शिक्का घ्या. तो नकार देत असेल तर हेच पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती मागून पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे.

दुकानात कॅमेरा असेल तर ‘त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवावे’ अशी ओळ त्याच पत्रात घाला. काही दिवसांनी जुने चित्रण पुसले जाते.

पावती नसेल तर निराश होऊ नका. मूळ खरेदीचे बिल, दागिना अंगावर असलेला लग्नातला फोटो, सोबत आलेली जाऊ किंवा शेजारीण, मोबाईलवरून पाठवलेले आगाऊ पैसे, दुकानदाराचा ‘काम झाले, घेऊन जा’ असा निरोप, हे सर्व पुरावेच आहेत. ते एका पाकिटात जमवा.

दुकानदार थोडे पैसे पुढे करून ‘आता माझे काही देणे राहिले नाही’ अशा मजकुरावर सही मागतो. पूर्ण रक्कम ठरल्याशिवाय अशी सही किंवा अंगठा देऊ नका. अंशतः रक्कम घ्यायचीच असेल तर ‘अंशतः मिळाले’ असे लिहून घ्या.

पोलिसांकडे केव्हा जायचे? दुकानात चोरी झाली असेल, दुकानदाराने वस्तू विकली किंवा गहाण टाकली असेल, अथवा ‘तुम्ही दिलीच नाही’ असे तो खोटे बोलत असेल, तेव्हा. ठेव गिळंकृत करणे हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतो. पण निव्वळ हलगर्जीपणाने वस्तू हरवली, तर तो भरपाईचा दावा होतो, फौजदारी गुन्हा नव्हे. कोणी भर बाजारात जातीवरून अपमान केला, तर तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. दोन गोष्टींची सरमिसळ केली की दोन्ही तक्रारी दुबळ्या होतात.

पंधरा दिवसांत दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करा. तेथेही मिटले नाही तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे वस्तू सोलापूरच्या दुकानात दिलेली असली, तरी मुरुमच्या माणसाला धाराशिवला तक्रार मांडता येते. मुदत दोन वर्षांची आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. मात्र फुकट करून घेतलेल्या कामाची तक्रार या आयोगाकडे चालत नाही. तेथे दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो. ‘ताईंचे पैसे कशाला घ्यायचे’ असे दुकानदार प्रेमाने म्हणाला, तरी वीस रुपये मजुरी द्या आणि ती पावतीवर लिहून घ्या.

वकील लागलाच तर खर्चाला भिऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क दिला आहे. अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने त्या यादीत झाला आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा.

एका ऐवजाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तो सोन्याहून मोलाचा आहे. झेरॉक्सच्या किंवा ऑनलाईन अर्ज भरण्याच्या दुकानात आपली मुले जातीचा दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या मूळ प्रती ‘सायंकाळी नेतो’ म्हणून ठेवून येतात. त्या गहाळ झाल्या की प्रवेश अडतो, शिष्यवृत्ती अडते, जात पडताळणी अडते. मूळ कागद दुकानात ठेवूच नये. समोर उभे राहून प्रत काढावी आणि मूळ कागद परत घेऊन पायरी उतरावी. हरवलाच तर त्याच दिवशी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करून दुय्यम प्रतीच्या मागे लागा. दहावी-बारावीची गुणपत्रिका आपल्या जिल्ह्यासाठी लातूर विभागीय मंडळाकडून, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून मिळतो.

शेवटी चार शब्द आपल्याच दुकानदारांना. आज आपली मुले मोबाईल दुरुस्ती, शिलाई, लॉन्ड्री, झेरॉक्सची दुकाने चालवत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांनी विनयपिटकातील विशाखेची हकीकत ध्यानात ठेवावी. श्रावस्तीची ही थोर उपासिका एकदा आपले मौल्यवान दागिने विहारातच विसरून गेली. भिक्खूंना असा ऐवज उचलण्याची मनाई होती. तरीही तथागतांनी सांगितले की विहारात कोणाची वस्तू राहिली, तर ती उचलून जपून ठेवावी, ज्याची असेल तो येऊन नेईल. स्वतःसाठी कवडीही न घेणाऱ्या संघावर परक्याची वस्तू जपण्याची जबाबदारी आहे, तर मजुरी घेणाऱ्या दुकानदारावर ती किती अधिक! वही ठेवा, प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी लावा, पावती न मागताही द्या. हरवलेच तर लपवाछपवी न करता सांगा आणि हप्त्याने का होईना, भरून द्या. सम्यक आजीविका ती हीच.

आणि भगिनींनो, येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळात एक काम करा. प्रत्येकीने घरच्या दागिन्यांची वजनासह यादी एका वहीत लिहावी आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. दुकानात जाताना तीच वही सोबत न्यावी आणि स्वच्छ आवाजात म्हणावे, ‘वजन करा, पावती द्या, तारीख घाला.’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. पण बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते आपल्या हक्काचे मागायला. चांगला दुकानदार पावती मागितल्याने रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडे ऐवज ठेवायचा की नाही, हे त्याच क्षणी ठरवता येते.

जयभीम.